रंग भरण्याचे वय

मध्यंतरी एका दुपारी मी मामेबहिणीकडे आधी न कळवता गेले. ती माझ्याहून बरीच मोठी. आम्ही सगळी भावंडे तिला माई म्हणतो. दार तिच्या सुनेने उघडले आणि मी सवयीने थेट आत शिरले, तेव्हा माई जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून कशात तरी गढून गेली होती. चाहूल लागताच तिने समोरचे पुस्तक झटकन वर्तमानपत्राखाली सरकवले. त्या गडबडीत एक पेन्सिल घरंगळत माझ्या पायाशी आली. मोरपंखी रंगाची, छान टोक काढलेली. ती उचलून देताना वर्तमानपत्राच्या कडेतून रंग भरायच्या पुस्तकातल्या पानाचा एक कोपरा मला दिसला: वेली, त्यांत लपलेले पक्षी, आणि निम्म्या वेलींवर चढलेला रंग. "काही नाही गं, बसल्या बसल्या हाताला चाळा," माई म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला उठली.

तिने रंग भरावेत याचे मला काहीच वाटले नाही. तिने ते लपवावेत, याचे मात्र फार वाटले. जिने उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे काढला, मुले वाढवली, सासूबाईंचे आजारपण निभावले, त्या बाईला वयाच्या सत्तरीत स्वतःच्या घरात, भर दुपारी, एका रंगीत पेन्सिलीचा संकोच वाटावा, ही गोष्ट त्या संध्याकाळी परत येताना लोकलमध्ये आणि नंतरही बरेच दिवस माझ्या मनातून जाईना. ज्या वर्तमानपत्राखाली ते पुस्तक गेले, त्याच्या आतल्या पानावरचे शब्दकोडे माईने सकाळीच सोडवून ठेवले होते आणि ते सर्वांना दिसेल असे वरच होते. शब्दकोड्याच्या चौकटी दुसऱ्याने आखलेल्या असतात, उत्तरेही त्यानेच आधी ठरवलेली असतात. आपण फक्त ती शोधून भरतो. सुडोकूत तर आकड्यांपलीकडे काहीच नसते. तरीही कोडे सोडवणाऱ्या माणसाला "याचा उपयोग काय?" असे कोणी विचारत नाही, उलट बुद्धी तल्लख राहते म्हणून कौतुकच होते. दुसऱ्याच्या चौकटीत अक्षर भरले तर ती बुद्धी आणि दुसऱ्याच्या चौकटीत रंग भरला तर ते पोरखेळ, हा हिशेब आपण कधी आणि कुठे शिकलो असू?

माझ्यापुरते सांगायचे तर तो मी शाळेत शिकले.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला दोन प्रकारची मुले असत. ज्यांचा 'हात बसलेला' असे ती, आणि बाकीची. हात बसलेल्यांना एलिमेंटरीला आणि पुढे इंटरमीजिएटला बसवत. त्यांच्याकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे सगळे घोटून घेत. शाळा सुटल्यावर ती मुले ड्रॉइंग बोर्ड काखोटीला मारून सरांच्या खोलीकडे जात, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहत राहत असे. मला लोटा काढता येत नसे. लोट्याची एक बाजू जमली तर दुसरी फुगे, आणि ती खोडताना कागदाला केसाळपणा येई. पण रंगाचे तसे नव्हते. जलरंगांच्या वड्यांची पत्र्याची पेटी उघडली की येणारा तो ओलसर, किंचित गोडूस वास, निळ्यात पिवळा मिसळताना बशीच्या कडेला आधी उमटणारी हिरवी रेघ, हे सगळे मला मनापासून आवडत असे, आणि कोणता रंग कोणाशेजारी शोभेल हे कळतही असे. परंतु रंगापर्यंत पोहोचण्याची वाट रेषेच्या दारातून जात होती आणि त्या दाराशीच मला थांबवले गेले. आठवी-नववीत चित्रकला सुटली ती सुटलीच. माझ्यासारख्या कितीजणींचे असे झाले असेल. त्यानंतर रंग निवडण्याचा हक्क आमच्याकडे उरला तो साडीवरचा ब्लाउज शोधण्यापुरता आणि दिवाळीच्या रांगोळीपुरता. पुरुषांना तर तेवढाही उरला नाही.

मोठ्यांनी रंग भरायच्या पुस्तकात वेळ घालवावा का, या प्रश्नाचा विचार मी या बाजूने करते. ज्याला रेघ येत नाही त्याला रंग वर्ज्य असावा, असा काही नियम नाही. रेघ आणि रंग ही दोन वेगळी अंगे आहेत आणि त्यांतले एक जमत नसताना दुसऱ्याचा सराव करता येतो. हे पुस्तक रेषेचे काम आपल्या माथ्यावरून उतरवते आणि राहिलेले सगळे आपल्यावर सोपवते. राहिलेले काम काही थोडे नसते.

यावर कलाशिक्षकांचा जो जुना आक्षेप आहे, त्याचा मान ठेवूनच मी हे म्हणते. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४०च्या दशकात लहान मुलांच्या रंग भरायच्या पुस्तकांवर कडक टीका केली होती. स्वतःच्या मनाने पक्षी काढणारे मूल छापील पक्षी रंगवू लागले की त्याचा स्वतःचा पक्षी हरवतो आणि पुढे ते छापील पक्ष्याचीच नक्कल करू लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मुलांच्या बाबतीत मला ते पटते. चार वर्षांच्या मुलाजवळ स्वतःची रेघ असते, बेधडक असते आणि ती मोडू नये. पण माईजवळ किंवा माझ्याजवळ हरवण्यासारखी रेघ उरलेलीच कुठे आहे? ती तर शाळेच्या लोट्यापाशीच गेली. मुलाकडून जे हिरावले जाईल या भीतीने तो आक्षेप घेतला जातो, ते मोठ्या माणसाकडून केव्हाच गेलेले असते आणि त्याला इथे काही परत मिळत असते. त्यामुळे बालवाडीतला न्याय माईच्या टेबलाला लावणे मला चुकीचे वाटते.

आणि दुसऱ्याच्या रेघेत आपला रंग भरणे ही आपल्या घरांत काही नवी गोष्टही नव्हे. माझी आई टेबलक्लॉथ भरत असे. त्यावरची नक्षी ती स्वतः काढत नसे. बाजारात भरतकामाची डिझाइने छापून देणारा एक माणूस बसे, त्याच्याकडून छापून आणी. त्याच्याजवळ ट्रेसिंग पेपरांची भली मोठी चळत असे आणि प्रत्येक कागदावर नक्षीच्या रेघेरेघेने सुईने बारीक भोके पाडलेली असत. कापडावर कागद पसरून, रॉकेलात कालवलेल्या निळीत कापसाचा बोळा बुडवून तो एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की कागद उचलल्यावर खाली निळ्या ठिपक्यांची वेल उभी राही. घरी आणलेल्या त्या कापडाला दोन दिवस रॉकेलचा वास येत असे. मग आई दोऱ्याच्या लड्या घेऊन खिडकीशी बसे आणि खरे काम तिथून सुरू होई. पाकळीला साखळी टाका की भरीव टाका, देठाला गडद हिरवा की पोपटी, फुलाच्या मध्याला पिवळी गाठ की नारिंगी. शेजारच्या काकूंनी त्याच कागदावरून तीच वेल छापून आणलेली असायची, पण दोघींचे टेबलक्लॉथ शेजारी ठेवले तर ते एकाच नक्षीचे आहेत हे लक्षात यायला वेळ लागे. आईच्या टेबलक्लॉथला कोणी 'नक्कल' म्हटले नाही. पाहुणे आले की तोच अंथरला जाई.

त्याही मागे गेले तर राजा रविवर्म्यांची छापील चित्रे आठवतात. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. त्यांतल्या कित्येक चित्रांवर घरच्या बायकांनी आपला हात फिरवलेला आहे. लक्ष्मीच्या छापील साडीवर खरे कापड बेतून चिकटवलेले, काठाला जर लावलेली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवलेले. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहकांकडे जपून ठेवलेली आहेत. ज्या बाईने हे केले तिला रविवर्म्यासारखे चित्र काढता येणार नव्हते आणि तशी तिची अपेक्षाही नव्हती. पण आपल्या घरातल्या लक्ष्मीने कोणत्या रंगाची साडी नेसावी याबद्दल तिचे स्वतःचे मत होते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही हेच दिसते. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. पण पितांबराची छटा, शेल्याचा काठ आणि शेवटी मुरलेल्या कारागिराने केलेली डोळ्यांची आखणी यांमुळे आपण त्यांतल्या एकाच मूर्तीकडे बोट दाखवून "ही आमची" असे म्हणतो.

माईकडून आल्यावर मीही एक पुस्तक आणि रंगीत पेन्सिलींची पेटी घेतली. मला हे दुरून बोलायचे नव्हते. पहिल्याच पानावर पानांची दाट जाळी होती आणि मी हिरवी पेन्सिल उचलून एक पान जोर लावून भरून टाकले. ते तेलकट, चपटे, मेलेले दिसले. मग कळले की जोर लावल्याने कागदाचा खरखरीतपणा दबून जातो आणि त्यावर दुसरा थर चढत नाही. दुसऱ्या पानाला हात हलका ठेवला, पेन्सिल आडवी धरून छोट्या छोट्या गोलांत फिरवली. एक फिका पिवळा थर, त्यावर हिरवा, शिरेच्या कडेला थोडा निळा, आणि सावलीला काळ्याऐवजी जांभळा. पेन्सिलीचे टोक दर काही मिनिटांनी पुन्हा काढावे लागत होते. शार्पनरमधून रंगीत कडेच्या चकत्या पडत होत्या. त्या पानाला बराच वेळ लागला, पण ते कागदावरून थोडे उचलल्यासारखे दिसू लागले.

त्यापेक्षा महत्त्वाचे काय घडले ते सांगते. पुढचे पान रंगवण्याआधी मी मान वर करून खिडकीबाहेरच्या आंब्याकडे पाहिले, कारण मला खरे पान कसे असते ते पाहायचे होते. आंब्याला नवी पालवी फुटली होती आणि तिच्यात हिरवे जवळजवळ नव्हतेच. कोवळी पाने तांबूस, जराशी जांभळट, ओल्या तांब्यासारखी चकाकत होती; त्यांच्यामागची जून पाने इतकी गडद की उन्हात त्यांवर आकाशाचा निळा पडला होता. झाड हिरवे असते हे मी लहानपणापासून धरून चालले होते आणि या खिडकीतून रोज तेच झाड पाहत होते. त्या दिवसापासून मी पाहायची पद्धत बदलली. लोकलच्या डब्यातल्या साड्या, फळवाल्याच्या पाटीतली चिकूची साल, पावसाआधीचा रेल्वेच्या पुलाचा राखी रंग, या सगळ्यांत आता मी "यात खाली कोणता थर आहे?" हे शोधत असते. छंदाने दिवसाच्या उरलेल्या तासांना काही दिले तर तो छंद सार्थ आहे असे मी मानते, आणि याने मला ते दिले.

आमच्या शेजारी राहणारे काका गिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना मी ते पान दाखवले. त्यांनी ते हातात घेतले, ट्यूबलाइटखाली पाहायला नकार दिला आणि गॅलरीत नेऊन उत्तरेच्या उजेडाकडे धरले. दिव्याखाली जुळलेली शेड उन्हात फटकते, म्हणून रंग नेहमी दिवसाच्या उजेडात ठरवायचा, हे त्यांनी मला सांगितले. मग म्हणाले, "ह्या दोन हिरव्यांत एकात निळा जास्त पडलाय, पण मुद्दाम टाकला असशील तर छान आहे." आयुष्यभर ठाणांवर रंग चढवलेल्या माणसाने त्या पानाला जी नजर दिली, ती पाहून हे पोरखेळ आहे असे मला परत कधी वाटणार नाही.

असे असले तरी या पुस्तकांचा जो गाजावाजा झाला त्याविषयी माझ्या मनात सरळ आनंद नाही. स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड या चित्रकर्तीकडे प्रकाशकाने मुलांसाठी पुस्तक मागितले होते आणि तिने मोठ्यांसाठी काढू द्या असा आग्रह धरला. बागेच्या चित्रांचे ते पुस्तक २०१३ साली आले, त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि मग जगभर लाट आली. २०१६च्या सुमारास जर्मनीतल्या फेबर कॅस्टेल या पेन्सिली बनवणाऱ्या कंपनीला वाढलेल्या मागणीसाठी कारखान्यात जादा पाळ्या चालवाव्या लागल्या. इथपर्यंत मला आनंदच आहे. पण लाटेबरोबर पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ताणमुक्ती, ध्यान, उपचार असे शब्द चढले आणि तिथे मी अडखळते. रंग भरल्याने मन निवते हे खोटे नाही. २००५ साली अमेरिकेत करी आणि कॅसर या संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी अस्वस्थ करणारी आठवण लिहायला लावली, मग काहींना मंडल म्हणजे गोलाकार नक्षी, काहींना चौकड्यांची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. मंडल आणि चौकड्या भरणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. ठरलेल्या आकाराचा आधार माणसाला शांत करतो, हे त्यातून दिसते आणि माझा अनुभवही तोच आहे. कोरा कागद मला अजूनही शाळेतल्या लोट्याची आठवण करून देतो.

पण याच्या बाजूला दुसरा एक प्रयोग ठेवायला हवा. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्याच माणसांनी एकदा रंग भरले आणि एकदा कला-उपचारतज्ज्ञाच्या सोबतीत मनाला येईल ते घडवले. ताण दोन्ही वेळा उतरला. मात्र आपल्याला काही जमते हा विश्वास आणि नवे काही सुचण्याची भावना तज्ज्ञाच्या सोबतीतल्या मोकळ्या कामात वाढली, रंग भरण्यात तशी वाढली नाही. हा निष्कर्ष मला टोचतो आणि तरी तो मान्य आहे. रंग भरायचे पुस्तक म्हणजे उपचार नव्हे. ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे त्याच्या हातात पुस्तक देऊन आपण मोकळे होणे हे त्या माणसावर अन्याय करणारे आहे. शिवाय छंदाला औषधाचा दाखला जोडला की आपण अप्रत्यक्षपणे हेच कबूल करतो की निव्वळ आवड म्हणून मोठ्या माणसाने रंगाशी बसणे शोभत नाही. माईचे वर्तमानपत्र आणि मुखपृष्ठावरचे 'ताणमुक्ती' हे शब्द मला या ठिकाणी एकाच कामाला लागलेले दिसतात. दोन्ही आवड झाकतात.

सगळीच पुस्तके चांगली असतात असेही नाही. पातळ कागदावर छापलेली, स्केचपेन टेकवताच मागच्या चित्राची वाट लावणारी, इकडून तिकडून उचललेल्या नक्षींची भर घातलेली पुस्तके बाजारात भरपूर आहेत. आकड्यांप्रमाणे रंग भरायच्या संचांविषयी तर माझे मत प्रतिकूलच आहे. १९५०च्या दशकात डेट्रॉइटच्या डॅन रॉबिन्स यांनी ते लोकप्रिय केले; १ लिहिले असेल तिथे एका डबीतला रंग, २ लिहिले असेल तिथे दुसऱ्या. त्यातून भिंतीवर लावण्याजोगे चित्र तयार होते हे खरे, पण रेघही दुसऱ्याची आणि रंगही दुसऱ्याने ठरवलेला असेल तर माणसाच्या वाट्याला फक्त मजुरी येते. मोबाइलवरच्या खेळांत तीही उरत नाही. आकड्यावर बोट टेकवले की चौकट आपोआप भरते. हाताखाली कागद नाही, टोक झिजत नाही, चूक होत नाही. माझ्या लेखी या छंदाचा सगळा जीव निवडीत आहे, आणि निवड काढून घेतली की त्याची बाजू मला घेता येत नाही.

माईकडे मी नंतर माझे पुस्तक घेऊन गेले आणि टेबलावर उघडून ठेवले. तिने काही न बोलता आपलेही आणले. तिचे काम माझ्यापेक्षा फार पुढचे आहे. पक्ष्यांच्या पंखांवर तिने निळा आणि तपकिरी असा थर दिला आहे की पंख फिरल्यासारखे वाटतात, आणि एका संपूर्ण पानावर फक्त करड्याच्या छटा वापरून मधोमध एकच शेंदरी फूल ठेवले आहे. हे कसे सुचले, असे विचारल्यावर ती म्हणाली की बँकेत इतकी वर्षे पांढरा, करडा आणि निळी शाई एवढेच पाहिले, तेव्हा ते रंग तिला आतून माहीत आहेत. मग आमचा पार्श्वभूमी भरावी की कोरी ठेवावी यावर बराच वेळ वाद झाला. ती भरावी म्हणते. मी अजून ठाम नाही.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघींना सारखीच खुपते. आमच्या पुस्तकांत कोल्हे आहेत ते तिकडचे, घुबडे आहेत ती तिकडची, गुलाब आणि चेरीचा बहरही तिकडचाच. ती पाने सुंदर आहेत, पण त्यांचे खरे रंग आम्ही पाहिलेले नाहीत, त्यामुळे पाने उलटून खिडकीबाहेर पाहण्याचा जो आनंद आहे तो तिथे मिळत नाही. आपल्या कलामहाविद्यालयांतून इतकी सुरेख रेघ असलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात. त्यांतल्या कोणी जाड, खरखरीत कागदावर पिंगुळीच्या चित्रकथीतला रामायणाचा प्रसंग, वाड्याच्या दिंडीदरवाजावरचे कोरीवकाम, भाजीमंडईतला एक सकाळचा गाळा असे रेखाटून दिले, तर ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत कॅरमशेजारी ती पुस्तके आणि पेन्सिलींचा एक डबा ठेवायला आम्ही दोघी तयार आहोत. आणि त्यात कासच्या पठाराची दोन पाने तरी हवीत. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा आम्हाला जमेल. सीतेची आसवे या फुलाचा तो निळा की जांभळा, हे ठरवायला माईने आतापासूनच दोन पेन्सिली बाजूला काढून ठेवल्या आहेत.